दगडाचं पाण्यातलं वजन

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, नवऱ्याला सांगितली नाही, देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी शिताफीनं टाळत आले. देवाला काय, ठाऊकच असणार — मग त्याला सांगून मोठं काय साधलं? तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे. सरळ सांगता येईल असं मात्र वाटत नाही. मी अडखळेन, मधेच भलतीकडे जाईन, आणि ते मुद्दाम लांबण लावण्यासाठीच असेल, हे आधीच कबूल करते.

निमित्त माझ्या लेकीचं झालं. परवा संध्याकाळी शाळेतलं गणित घेऊन ती स्वयंपाकघरात आली. बेळगावात सध्या जिथं जावं तिथं इंग्रज कधी जाणार याच्याच गप्पा. मुलींच्या शाळेत मात्र घरचा अभ्यास देणं कुणी थांबवलेलं नाही. एका दगडाचं हवेतलं वजन इतकं, पाण्यात बुडवल्यावर त्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन इतकं, तर पाण्यात तो दगड किती भरेल? मी पोळ्या करत होते. ती उंबऱ्यावर बसून पेन्सिल चावत म्हणाली, "आई, मिळवायचं की वजा करायचं?"

पोळी तव्यावर करपली. लेकीला वाटलं, आईला गणित येत नाही. — मला ते गणित फार चांगलं येतं. तेव्हाही येत होतं. खरी अडचण तीच आहे.

माझं माहेर निपाणीचं. माझे वडील तिथल्या हायस्कुलात सायन्स शिकवत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, सारं गाव मास्तर म्हणे. त्यांच्या शिकवण्यापेक्षा त्यांच्या रागाचा बोलबाला जास्त होता. मॅट्रिकच्या वर्गात मुली आम्ही दोघीच, पण मुलगी म्हणून अण्णांनी मला कधी सूट दिली नाही. जेवताना मी ताकात मीठ घातलं की ते विचारणार — मीठ दिसेनासं झालं, मग त्याचं वजनही गेलं का गं? उत्तर चुकलं की ते ताक गोड लागायचं नाही. तर मला ही गणितं येत, त्यात हुशारी थोडी आणि अण्णांची धास्ती जास्त. पण येत, आणि त्याचा मला चांगला ताठाही होता.

बसवंत आदल्या वर्षी मॅट्रिकला सायन्समध्ये नापास होऊन आमच्या वर्गात येऊन बसला होता. त्याच्या घरची तंबाखूची वखार. आता निपाणीच्या हवेतच तंबाखू असतो. परगावचा पाहुणा मोटारीतून उतरला की आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो; आम्हा गावच्या लोकांना काही जाणवत नाही. बसवंतला मात्र तो खकाणा, म्हणजे तंबाखूची उडणारी बारीक धूळ, सोसत नसे. वखारीत घटकाभर उभा राहिला की डोळे लाल व्हायचे, छाती भरून यायची, श्वास शिट्टीसारखा वाजायचा. हलवायाच्या पोराला गोड पचू नये, तसला प्रकार. त्याचे वडील — त्यांना आप्पा म्हणत — हे सगळं नाटक आहे असं म्हणायचे. सवय झाली की जाईल, आम्हाला न्हाय झाली का, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी त्याच्या मामानं मध्ये पडून तोडगा काढला. पोरगा पास झाला तर मामा त्याला पुण्याला कॉलेजात घालणार. यंदाही नापास झाला तर त्यानं मुकाट्यानं वखारीत बसायचं, पुन्हा पुस्तकाचं नाव काढायचं नाही. आप्पांनी हे भर बाजारात चार माणसांसमोर बोलून दाखवलं होतं, आणि आप्पा शब्दाचे पक्के.

मला हे बसवंतनंच सांगितलं होतं, आमच्या पडवीच्या पायरीवर बसून. म्हणजे मला ठाऊक होतं. ही एक गोष्ट आत्ताच सांगून टाकलेली बरी — पुढं धीर सुटायच्या आत.

अण्णांसमोर त्याची बोबडी वळायची. येत असलेलं उत्तरही त्याला सांगता यायचं नाही. एकदा अण्णांनीच वैतागून सांगितलं, माझ्यापुढे तोंड उघडत नाही ना तुझं, मग इंदूकडे बसत जा. इंदू म्हणजे मी. त्या दिवसापासून शाळा सुटली की तो पडवीत येऊन बसू लागला. आई मधल्या दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. त्या वर्षी आमच्या घरात जितके तांदूळ निवडले गेले तितके पुन्हा कधी गेले नसतील. चहा झाला की बसवंत आपला कप आपणच विसळायचा आणि पडवीच्या कोनाड्यात पालथा घालायचा. आमचे कप आत, त्याचा बाहेर. हे असंच असतं असं आम्हा दोघांनाही वाटे. त्या कपाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

रसायन त्याला पटकन जमायचं. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या भरल्या पाहिजेत, असं मी सांगितल्यावर तराजूजवळ वाढलेला हा मुलगा हसला. एवढंच होय? एका पारड्यात हायड्रोजन कमी पडला तर आकडा वाढवायचा आणि काटा सरळ करायचा — त्यात काय आहे? अल्कली म्हणजे काय हे तर मला शिकवावंच लागलं नाही. आप्पांच्या पानतंबाखूच्या चंचीतला चुना त्यानं लहानपणी चाटून बघितला होता. जीभ सोलली होती ती कशानं, हे कळल्यावर त्याला पुस्तकातलं पान वाचायची गरज उरली नाही. मी त्याला चिडवायची, की बाबा रे, तू अजून काय काय चाटून बघितलंस ते सांग, म्हणजे तेवढे धडे गाळता येतील.

गाडी अडायची ती पाण्यापाशी. दगड पाण्यात हलका भरतो, हे काही केल्या त्याच्या गळी उतरत नसे. त्याचा तरी काय दोष? तंबाखूच्या घरात पाण्याचा गुण एकच. पान कोरडं असलं की त्याचा चुरा होतो, म्हणून त्यावर पाणी मारतात. आणि पाणी मारलं की वजन चढतं. किती मारायचं हा ज्याच्या त्याच्या सचोटीचा प्रश्न. विकणारा दव असतानाच माल काट्यावर चढवायला बघणार, आणि घेणारा उन्हं तापेपर्यंत चहा पीत बसून राहणार. पाण्यानं वजन वाढतं, हे बसवंत बोलायला शिकायच्या आधी शिकला असेल. त्यामुळे गणितात पाणी आलं की त्याचा हात आपोआप बेरीज करायचा. साठ भार दगड, चोवीस भार पाणी — चौऱ्याऐंशी. दर वेळी चौऱ्याऐंशी. अण्णांनी एकदा तांबड्या शाईनं त्याच्या उत्तराखाली लिहिलं होतं, 'हा दगड आहे, तंबाखू नव्हे.' सगळा वर्ग हसला. मीही हसले.

शेवटी मी त्याला विहिरीवर नेलं. आमच्या बोळाच्या तोंडाशी सगळ्यांची विहीर होती. कळशी दोराला बांधून सोडली, भरून बुडू दिली, आणि दोर त्याच्या हातात दिला. ओढ म्हटलं, पण सावकाश. कळशी पाण्यात होती तोवर दोर जेमतेम ताणलेला होता. ती पाण्याबाहेर निघाली तसा त्याच्या खांद्याला हिसका बसला. त्यानं ती परत सोडली. परत ओढली. पाणी भरायला आलेल्या बायका खोळंबल्या, मास्तरांच्या पोरीला काही कामधंदा नाही का म्हणून कुजबुजल्या, आणि याचं आपलं सोडणं आणि ओढणं चालूच. मग दोर तसाच हातात धरून तो माझ्याकडे वळला.

"म्हंजे पाणी खालनं उचलतंय व्हय गं?" तो म्हणाला. "मदत करतंय की ते."

तो चेहरा. — त्या चेहऱ्याबद्दल मी तुम्हाला काय सांगू? मला तो नियम कधीपासून तोंडपाठ होता. पण पाणी मदत करतं, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी त्याला शिकवत होते आणि त्यानं मला ते दाखवलं. त्या दिवसापासून त्याचं हे गणित बरोबर येऊ लागलं. आणि त्याच दिवसापासून माझं काहीतरी बिघडलं.

मला संध्याकाळची ओढ लागली. शाळेत तो चार बाकं पलीकडे बसलेला असायचा, त्याचं काही वाटत नसे. पण घरी आल्यावर पायरीवर त्याच्या चपला वाजेपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही. त्याच्या सदऱ्याला तंबाखूचा वास यायचा. त्याला त्या वासाची शिसारी होती, आणि मला — मला तो गेल्यावरही पडवीत थोडा वेळ रेंगाळणारा तो वास हवा असायचा. एकदा मी कोनाड्यातला त्याचा कप उचलून आत नेला आणि आमच्या कपांशेजारी ठेवला. आईनं तो परत बाहेर नेऊन ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, प्रेम. असेल. तो शब्द तेव्हा माझ्याजवळ नव्हता, आणि असता तरी करायचं काय होतं? जिथं कपाला आत जागा नाही तिथं माणसाचं काय बोलणार! तसलं मी मागतही नव्हते. मला हवी होती ती पडवी. तो इंग्रजी पुस्तकातलं गणित अडखळत वाचणार, शब्दाचा अर्थ विचारणार, मी ऐटीत सांगणार, आई तांदूळ निवडणार — एवढंच आणखी थोडे दिवस. मॅट्रिक झाल्यावर वर्षभर तरी मला घरीच ठेवायचं आणि मग स्थळं बघायची, असं अण्णांचं चाललं होतं. म्हणजे मी निपाणीत असणार होते आणि तो पुण्याला. रिकाम्या पडवीत मी एकटी बसणार होते.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. — पण आधी एक सांगते. पुष्कळ वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते, की नापास झाला असता तरी आप्पांनी आणखी एक वर्ष दिलंच असतं, बाप तो बापच. खोटं आहे हे. मी तेव्हा असा विचार केलाच नव्हता. तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की वखारीत बसला तरी गावात तर राहील. बोळातून जाता-येता दिसेल तर. त्याच्या छातीचा विचार माझ्या मनात आला नाही. की आला होता, आणि मी तो बाजूला सारला? आज मला नक्की सांगता येत नाही. यातलं दुसरंच खरं असेल, असं वाटतं.

परीक्षेचं केंद्र बेळगावला होतं. अण्णा आम्हा सगळ्यांना मोटारीनं घेऊन गेले. बेळगावच्या अलीकडचं काकती गाव मागं पडलं तेव्हा मुलांच्या माना पुस्तकातून वर निघाल्या. मुलं एका धर्मशाळेत उतरली, मी आणि अण्णा माझ्या मामाकडे. अण्णांची शिस्त अशी, की रोज पेपर झाला की संध्याकाळी निपाणीच्या सगळ्या मुलांनी मामाकडे जमायचं आणि एकेकानं काय लिहिलं ते सांगायचं. भाषा झाल्या, गणित झालं. बसवंतचं सगळं बरं चाललं होतं. बेळगावच्या हवेत तंबाखू नाही, त्यामुळे थोड्याच दिवसांत त्याचा श्वास मोकळा झाला होता. चेहऱ्यावर तकाकी आली होती. असा तो मी पूर्वी पाहिलाच नव्हता.

सायन्सच्या पेपरच्या सकाळी केंद्राच्या आवारात चिंचेखाली मी उभी होते. तो धावतच आला. त्याच्या मामाची माणसं त्याला भेटून गेली होती, पुण्याला खोली ठरली होती, आणि ही बातमी कधी एकदा मला सांगेन असं त्याला झालं होतं. "एकदा गेलो की निपाणीकडं तोंड करून झोपायचंबी न्हाय बघ," तो म्हणाला, आणि मोकळा हसला. हसताना त्याला खोकला आला नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं. त्यानं छातीवर हात ठेवला.

मला त्या वाक्याचा राग आला. त्यात माझ्याविषयी काही नव्हतंच, तो आपल्या श्वासाबद्दल बोलत होता — पण मला राग आला तो नेमका त्यात मी नसल्याचाच. त्याची निपाणी म्हणजे वखार आणि खकाणा. पडवी त्याच्या हिशेबात कुठंच नव्हती का? विहीर नव्हती? मी नव्हते?

मग त्यानं विचारलं. त्याच हसऱ्या चेहऱ्यानं.

"इंदू, एकदा सांग. पाण्यातलं वजन काढताना मिळवायचं का वजा करायचं? विहिरीवर पटलंतं गं, पण आज डोसक्यात परत तंबाखू शिरलाय."

मी म्हणाले, "मिळवायचं."

माझी जीभ घसरली असं मी तुम्हाला सांगू शकले असते. ती घसरली नव्हती. मी घाईत नव्हते, माझं लक्ष दुसरीकडे नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून तो शब्द उच्चारला. त्याच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. हातानं त्यानं हवेत दोर ओढल्यासारखं केलं, थोडं वर, थोडं खाली. त्याचा हात त्याला बरोबर उत्तर सांगत होता. मग तो म्हणाला, "तू म्हनतीस तर व्हय," आणि वर्गाकडे गेला.

घंटा अजून झाली नव्हती. मुलं माठातलं पाणी पीत होती, टाकांची टोकं नखावर घासून बघत होती. बसवंत दारापाशी उभा होता आणि मला स्पष्ट दिसत होता. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. मग का नाही मारली? राग तर तेवढ्यात ओसरलाही होता. पण हाक मारली असती तर आधीच्या शब्दाचं काय सांगणार होते मी? खोटं बोलल्याची लाज मला त्याच्या नापास होण्यापेक्षा मोठी वाटली. मी चिंचेखालीच उभी राहिले. घंटा झाली, तो आत गेला, मी माझ्या वर्गात गेले.

पेपरात ते गणित होतं. साधं नव्हे, चांगलं लांबलचक; पहिल्या उत्तरावर पुढचे सगळे भाग अवलंबून. आकडेही आमचेच — हवेत साठ, सारलेलं पाणी चोवीस. मी छत्तीस लिहिलं आणि पुढं गेले. माझा हात कापला असं सांगितलं तर बरं दिसेल, पण कापला नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं.

बाहेर आल्यावर मुलांचा घोळका जमलाच. छत्तीस, छत्तीस — जो तो छत्तीस म्हणत होता. बसवंत घोळक्यात उभा होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागले. तो नीटच होता. तरी पुष्कळ वेळ मी तो करत राहिले.

संध्याकाळी मामाच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर सगळी मुलं बसली. अण्णा ओळीनं विचारत गेले. बसवंतची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, चौऱ्याऐंशी. मी चहाचं ताट घेऊन मधल्या दारात उभी होते. अण्णा आधी हळू आणि मग चढत्या आवाजात बोलू लागले — दगड पाण्यात जड होतो, हे कुणी शिकवलं तुला? मी शिकवलं? वर्षभर पडवीत बसून काय केलंत? या इंदूनं काय सांगितलं होतं तुला?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता तो सांगणार. मी ताट घट्ट धरलं. खरं सांगते, त्यानं सांगावं असं त्या क्षणी मला वाटत होतं. म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

"तिनं बरोबर सांगितलंतं, मास्तर," बसवंत सतरंजीकडे बघत म्हणाला. "माझं मीच उलटं केलं."

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. तंबाखूवाल्याचं पोर ते, शेवटी पाणी मारलंच त्यानं, असं काहीसं म्हणाले, आणि मुलं हसली. मी चहा दिला. सगळ्यांना दिला, त्यालाही दिला. तो त्यानं शेवटपर्यंत प्यायला. मग कप हातात घेऊन तो इकडेतिकडे बघू लागला. मामाकडे कोनाडा नव्हता. तो उठून बाहेर गेला, दगडावर कप विसळला आणि पायरीच्या कडेला पालथा घालून तसाच निघून गेला. मी दारातच होते. एक शब्द बोलायचा होता. अण्णांचा पुढचा प्रश्न सुरू झाला होता आणि तेवढंच निमित्त मला पुरलं.

निकालात त्याचा नंबर नव्हता. मागाहून मार्क मागवले तेव्हा कळलं, सायन्समध्ये अगदी थोडक्यात गेला. मी पास झाले. अण्णांनी बोळात पेढे वाटले, त्याच्याही घरी पाठवले. त्याची आक्का ताटली परत द्यायला आली. रिकामी ताटली परत करू नये म्हणून तिनं त्यात मूठभर साखर घातली होती. ती साखर आईनं डब्यात ओतली, आणि आम्ही सगळ्यांनी ती चहातून प्यायली.

आप्पा शब्दाचे पक्के निघाले. बसवंत वखारीत बसला. बोळातून जाता-येता दिसेल, असं मी धरून चालले होते ना? तो आमच्या बोळातून कधी आलाच नाही. विहिरीकडून सरळ रस्ता असताना तो लांबच्या वळणानं जायचा. कोनाड्यातला कप दिवाळीच्या सफेदीपर्यंत तिथंच होता. मग आईनं तो कुणालातरी देऊन टाकला. मी वर्षभर पडवीत बसत होते, आई दारात तांदूळ निवडत होती, आणि माझ्याकडे शिकायला कुणी नव्हतं.

लग्न होऊन बेळगावला यायच्या आधी एकदा बाजारातून जाताना तो मला वखारीच्या दारात दिसला. नाकातोंडावर पंचा बांधून काट्यापाशी उभा होता. मी थांबले. त्याचा श्वास रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मास्तरांच्या मुलीला कुणीही करील तशी त्यानं मानेनंच ओळख दिली आणि पुन्हा काट्याकडे बघू लागला. काय बघायचं राहिलं होतं माझं? मी घरी आले आणि रुखवताची तयारी करत बसले.

अजूनही मी माहेरी जाते. आता मीच परगावची झाले. मोटारीतून उतरले की मलाही शिंक येते. आप्पा गेले, वखार आता बसवंतच चालवतो. लोक म्हणतात, त्याच्या मालावर कधी जास्तीचं पाणी नसतं. गेल्या खेपेला भाऊ सांगत होता, बसवंतला आडवं झोपता येत नाही. उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्याच रात्र काढतो. भावानं हे सहज सांगितलं, गावातल्या चार बातम्यांपैकी एक म्हणून. निपाणीकडं तोंड करून झोपायचं नव्हतं त्याला.

माहेरच्या दारातून त्याची वखार दिसते. दर वेळी दिसते. मी गेलेली नाही. त्याला सारं ठाऊक आहेच, मग जाऊन काय सांगायचं, असं मनात येतं — आणि तेही खरं कारण नव्हे. चिंचेखाली घंटा व्हायच्या आधी जे कारण होतं, तेच आजही आहे. मला लाज वाटते.

लेकीला मी सांगितलं, वजा करायचं. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. तिनं वजाबाकी केली आणि खेळायला पळाली. मी करपलेली पोळी बाजूला काढून दुसरी लाटायला घेतली.

साठाचा दगड, चोवीस पाणी. छत्तीस भरतो. हे त्या सकाळीही मला ठाऊक होतं, आणि त्यानं मलाच विचारलं होतं.